रणदिव्यांच्या भिंतीवरचा म्हातारा

निशिकांत रणदिव्यांकडे फराळाला जायचं शशिकांतच्या मनात नव्हतं. पण सुलेखाने सकाळपासून साडी काढून ठेवली होती. वर्षातून एकदा सिंगापूरच्या ईस्ट कोस्टवरच्या त्या समुद्रासमोरच्या कॉन्डोत जाऊन यायची तिला हौस होती, आणि शिवाय रणदिवे म्हणजे जुने साहेब. शशिकांत जहाजावर चीफ इंजिनिअर होता तेव्हा निशिकांत त्याच कंपनीचा सुपरिंटेंडेंट होता, म्हणजे किनाऱ्यावरच्या ऑफिसात बसून पाच-सहा जहाजांच्या इंजिनांचा कारभार हाकणारा. नोकरी सुटते, साहेब सुटत नाही.

ही २०१९ सालच्या दिवाळीची गोष्ट. रणदिव्यांनी नुकतंच घर नव्याने करून घेतलं होतं. हातात चिवडा-चकलीची बशी घेऊन शशिकांत माणसांच्या मागून दिवाणखान्यात शिरला आणि जागच्या जागी थांबला.

समोरच्या भिंतीवर म्हातारा होता.

दीड हात लांब, अरुंद, लाकडी चेहरा. नाक खाली उतरत उतरत हनुवटीच्याही पुढे गेलेलं. डोळ्यांच्या जागी कवड्या. कपाळावर लाल-पांढऱ्या मातीची वेटोळी, गालांशी रानडुकराचे सुळे. आणि डाव्या कानाखाली, जिथे एक कवडी निखळून पडली होती, तिथे तांब्याचा एक वॉशर.

तो वॉशर शशिकांतने स्वतःच्या हाताने बसवला होता. अकरा वर्षांपूर्वी, पापुआ न्यू गिनीतल्या सेपिक नदीच्या काठी, एका बापाच्या समोर बसून.

"हे काय गं बाई!" कुणीतरी म्हणालं. "रात्री भीती नाही वाटत?"

निशिकांत हसत पुढे आला. "भीती कसली? हा त्यांचा पूर्वज आहे. तिकडच्या भाषेत तुंबुना. आमच्या जहाजावर एक तिकडचा पोरगा जळून मेला. मी त्याचं प्रेत घेऊन होडीतून दीड दिवस नदीतून वर गेलो. गावच्या लोकांनी रडत रडत हा माझ्या हातात दिला."

"आणि हे तांब्याचं?"

"हां, ते. त्या लोकांना तांबं म्हणजे सोनं. कुठल्या तरी फुटलेल्या जहाजातून मिळालं असेल, लावलं देवाला."

सगळे हसले. निशिकांतची नजर फिरत फिरत शशिकांतवर आली आणि क्षणभर अडखळली. मग त्याने शशिकांतच्या खांद्यावर हात टाकला. "हा आमचा शशी. तोही होता त्या जहाजावर. विचारा त्याला, काय दिवस होते ते!"

शशिकांतच्या तोंडात चकलीचा तुकडा होता. तो त्याने चावला, गिळला आणि मान डोलावली.

त्या मान डोलावण्याचा सल त्याला पुढे चार वर्षं खुपत राहिला.

शशिकांत केरकर मूळचा वेंगुर्ल्याचा. बाप मचव्यावर खलाशी होता. पोराने मात्र पाण्यावर राहूनही तेलात हात घातले. मुंबईच्या गोदीत उमेदवारी केली, परीक्षा दिल्या, आणि चाळिशीच्या आत चीफ इंजिनिअर झाला. इंजिनरूममध्ये त्याला डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त कळायचं. बेअरिंग बिघडायच्या आधी दोन दिवस तो सांगायचा, "हिचा घसा बसलाय."

२००८ साली तो एका जुन्या जहाजावर होता. जंगलातले ओंडके पापुआ न्यू गिनीहून चीनला न्यायचे, एवढंच त्या जहाजाचं काम. त्याच्या हाताखाली गेब्रिएल नावाचा एक ऑइलर होता, म्हणजे इंजिनाचं तेलपाणी बघणारा कामगार. चोवीस वर्षांचा, सेपिककाठचा. शिकायची त्याला विलक्षण ओढ. शशिकांत त्याला पाइपला कान लावायला शिकवायचा आणि तो शशिकांतला आपल्या गावच्या मगरींच्या गोष्टी सांगायचा. जेवणाच्या वेळी शशिकांतच्या ताटातली लोणच्याची फोड न विचारता उचलण्याचा हक्क त्या जहाजावर फक्त गेब्रिएलला होता.

इंजिनाला तेल नेणारा एक पाइप झिजला होता. शशिकांतने नवा मागवला. आला नाही. पुन्हा मागवला. तिसऱ्यांदा मागवताना त्याने मोठ्या अक्षरांत 'आगीचा धोका' असं लिहिलं. ऑफिसातून निशिकांतचं एका ओळीचं उत्तर आलं: गोदीतल्या पुढच्या दुरुस्तीपर्यंत, ड्राय डॉकपर्यंत, चालवून घे.

पाइप बिस्मार्क समुद्रात फुटला. तेलाची चिळकांडी तापलेल्या धुराड्यावर उडाली आणि इंजिनरूमने पेट घेतला. सगळे वर पळाले. तेलाची झडप बंद झाल्याशिवाय आग थांबणार नव्हती, आणि बाहेरून झडप ओढायची तार गंजून तुटली. शशिकांत शिडीकडे वळेपर्यंत गेब्रिएल खाली उतरलाही होता. त्याने झडप बंद केली. म्हणून जहाज वाचलं, एकोणीस माणसं वाचली. तो तेवढा वर आला नाही.

कंपनी शवपेटी बंदरापर्यंतच पोचवणार होती. शशिकांत म्हणाला, "मी नेतो त्याला घरी." बंदरातून ट्रकने नदीपर्यंत आणि मग लांबलचक होडीतून दीड दिवस. होडीत पेटीच्या उशाशी शशिकांत बसला होता. निशिकांत तेव्हा सिंगापूरला एअरकंडिशनमध्ये होता.

गेब्रिएलचा बाप लुकास फार बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने पुरुषांच्या उंच घरातून तो मुखवटा खाली आणला. होडीतून व्यापारी येतात, म्हणाला, बियरच्या पेट्या देतात आणि तरुण पोरं आजोबांना विकून टाकतात. अलीकडच्या तीन घरांतले पूर्वज असे गेले. "हा माझ्या आजाचा आजा आहे. माझा धाकटा बेनेडिक्ट आता दहा वर्षांचा आहे. तो मोठा होईपर्यंत याला तू सांभाळ. माझ्या मोठ्याला तू घरी आणलंस, म्हणजे तू घरचा."

निखळलेल्या कवडीची जागा लुकासने बोटाने दाखवली. शशिकांतच्या खिशात एक वॉशर होता. तो त्याने तिथे घट्ट बसवला. त्या तीन दिवसांत लुकास तेव्हा एकदाच हसला.

मुखवटा कंपनीच्या सामानाबरोबर सिंगापूरला आला आणि थेट ऑफिसात पोचला. शशिकांत तो घ्यायला गेला तेव्हा म्हातारा निशिकांतच्या केबिनमधल्या खुर्चीवर, माणसासारखा, भिंतीला टेकवून ठेवलेला होता. टेबलावर आगीचा अहवाल होता.

अहवालात लिहिलं होतं, की गेब्रिएलने तेलाचं फडकं तापलेल्या धुराड्यावर विसरून ठेवलं, त्यामुळे आग लागली. पाइपचा शब्द कुठेही नव्हता.

"साहेब, हे खोटं आहे," शशिकांत म्हणाला.

"खरं लिहिलं तर पहिलं सर्टिफिकेट कुणाचं जाईल? चीफ इंजिनिअरचं. माझं नाही, तुझं." निशिकांतचा आवाज एकदम समजूतदार होता. "तुला इथे कायमचं राहायचंय, पीआरच्या अर्जाला कंपनीचं पत्र हवंय ना? तुझी लेक चैताली सेकंडरीत आहे, पुढे कॉलेज आहे. आणि शशी, मेलेल्याला सर्टिफिकेट लागत नाही."

शशिकांतने सही केली.

उठताना त्याने मुखवट्याला हात घातला, तर निशिकांत म्हणाला, "तो राहू दे. लाकडात कीड असते, औषधाची धुरी द्यावी लागेल, कागद करावे लागतील. मी बघतो." महिन्याने त्याने फोनवर सांगितलं, "अरे, तो धुरीत मोडला. फेकून दिला त्यांनी. सॉरी हं."

शशिकांतने ते खरं मानलं. नव्हे, त्याला ते बरंच वाटलं. म्हातारा समोर नसला म्हणजे सही आठवत नाही, असा त्याचा हिशेब होता. पीआर झालं, सेंगकांगला फ्लॅट झाला, चैताली शिकून चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत लागली, तिचं लग्न झालं, गार्गी झाली. शशिकांतने जहाज सोडलं आणि नांगरलेल्या जहाजांवर लाँचने जाऊन त्यांची तपासणी करायचं सर्व्हेयरचं काम धरलं. भित्रेपणाला त्याने संसार असं नाव दिलं होतं आणि ते नाव चांगलं रुळलंही होतं.

फराळाच्या त्या दिवशी ते उखडलं.

घरी येताना एलआरटीच्या गाडीत सुलेखा म्हणाली, "अहो, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. काय झालं?"

शशिकांतने तिला सगळं सांगितलं. सहीचंसुद्धा, पहिल्यांदाच. सुलेखा खिडकीबाहेर बघत ऐकत राहिली. चिडला की शशिकांतच्या तोंडात वेंगुर्लं यायचं. तो दात आवळून म्हणाला, "मी तेका सोडूचंय नाय."

"आणि सही?" सुलेखाने विचारलं. "ती कुणी केली?"

शशिकांतने सगळा राग एकट्या निशिकांतवर धरला. ते सोपं होतं.

त्यानंतर शशिकांत रणदिव्यांकडचं एकही आमंत्रण चुकवेना. कोविडचं दीड वर्ष सोडलं, तर गणपती, दिवाळी, निशिकांतचा साठावा वाढदिवस, सगळीकडे हजर. सुलेखाला वाटलं, राग निवला. तो मात्र जाऊन म्हाताऱ्यासमोरच्या सोफ्यावर बसायचा आणि निशिकांतची गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायचा. दर वेळी गोष्टीत भर पडलेली असे. एकदा होडीवर मगर चालून आली. एकदा गावच्या मुखियाने निशिकांतला मिठी मारली. एकदा मेलेल्या पोराच्या आईने त्याचे पाय धरले. शशिकांत घरी येऊन प्रत्येक भर वहीत तारखेसकट लिहून ठेवायचा. गळ गिळणाऱ्या माशाला दोर जितका जास्त सोडावा तितका तो नंतर जास्त तडफडतो, हे बापाने त्याला लहानपणी शिकवलं होतं.

कपाटाच्या तळाशी त्याने एक फाइल जपली होती. पाइपच्या तिन्ही मागण्यांच्या प्रती, निशिकांतचं एका ओळीचं उत्तर, आणि होडीत पेटीशेजारी बसलेला त्याचा स्वतःचा एक फोटो. ते कागद त्याने अकरा वर्षांपूर्वी का ठेवले होते, ते त्यालाही सांगता आलं नसतं. वापरायची हिंमत नव्हती आणि फाडायचीही नव्हती.

पण नुसत्या कागदांनी निशिकांत मरणार नाही, हे त्याला कळत होतं. त्याला गेब्रिएलच्या घरातलं माणूस हवं होतं. तपासणीला ज्या जहाजावर जाईल तिथे तो विचारायचा, "पापुआ न्यू गिनीचं कुणी आहे? सेपिकचं? लुकासच्या बेनेडिक्टला ओळखणारं?" तीन वर्षं कुणी भेटलं नाही. २०२३च्या मार्चमध्ये एका जहाजावरच्या आचाऱ्याने डोकं खाजवलं. "बेनेडिक्ट? लुकासचा? तो खलाशी आहे. त्याचं जहाज इथेच तुआसच्या शिपयार्डात दुरुस्तीला लागलंय, दोन महिने."

दुसऱ्या दिवशी शशिकांत तुआसला गेला. यार्डाच्या फाटकाबाहेर एक कॉफीचं दुकान होतं. निळ्या बॉयलर सूटमधला एक पंचविशीचा माणूस येऊन त्याच्यासमोर बसला. गेब्रिएलचेच खांदे, गेब्रिएलचंच कपाळ. शशिकांतने घरून शब्द जुळवून आणले होते, ते सगळे विरघळले.

"मी शशिकांत. तुझ्या भावाबरोबर..."

"मी तुम्हाला ओळखतो, चीफ," बेनेडिक्ट इंग्रजीत म्हणाला. आवाज शांत होता. "तुमची सही ओळखतो. कंपनीने आम्हाला अहवाल पाठवला होता. खाली दोन सह्या होत्या. माझ्या आईने तो कागद अजून ठेवलाय."

शशिकांतने कॉफीचा कप तसाच खाली ठेवला.

"त्या कागदानंतर कंपनीने आमच्या किनाऱ्यावरची माणसं घेणं बंद केलं," बेनेडिक्ट सांगू लागला. "ज्यांची कामं गेली ते आमच्या दारात येऊन ओरडायचे, तुझ्या पोराने जहाज जाळलं. माझा बाप चार वर्षं रोज नदीकडे बघत बसायचा. म्हणायचा, चीफ येईल, आजाला घेऊन येईल, आणि खरं काय ते सांगेल. मग तो मेला."

शशिकांतने फाइल पुढे सरकवली. बेनेडिक्टने एकेक कागद वाचला. तिसऱ्या मागणीवर, मोठ्या अक्षरांवर, त्याचं बोट थांबलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि गेबने काय केलं?"

"झडप बंद केली. आम्ही सगळे त्याच्यामुळे जिवंत आहोत."

बेनेडिक्टने तोंडावरून हात फिरवला. मग त्याने विचारलं, "आज हे मला का सांगताय?"

शशिकांतने मुखवट्याचं सांगितलं. निशिकांतच्या गोष्टी सांगितल्या, वही दाखवली. पुढच्या महिन्यात एका खासगी कलादालनात निशिकांतचा कार्यक्रम होता. तो मुखवटा त्या दालनाला भेट देणार होता, खाली त्याच्या नावाची पाटी लागणार होती, आणि तो भाषण करणार होता. शशिकांतला त्याने स्वतः फोन करून बोलावलं होतं. तू त्या जहाजावरचा, शशी, तू पहिल्या रांगेत हवास.

"तू माझ्याबरोबर चल," शशिकांत म्हणाला. बोलता बोलता त्याचे डोळे लकाकले. "भरल्या सभेत उभा राहा आणि सांग तू कोण आहेस. त्याचं तोंड बघायचंय मला. चार वर्षं मी त्या तोंडासाठी जगतोय."

बेनेडिक्ट त्याच्याकडे नीट बघत होता. "तुम्हाला त्याचा सूड हवाय. मलाही हवाय. पण माझ्या यादीत दोन नावं आहेत, चीफ." त्याने फाइल मिटली. "मी येईन. पण आधी तुमचं, मग त्याचं. आधी तुम्ही उभं राहून सांगायचं की मी खोटी सही केली. नाहीतर मी येणार नाही, आणि हे कागद घेऊन मी एकटा बघेन काय करायचं ते."

शशिकांत घरी परतला तो थेट बाल्कनीत जाऊन बसला. सर्व्हेयरचा धंदा सहीवर चालतो. ज्याची सही खोटी, त्याला कुत्रंही विचारत नाही. शिवाय त्या सभेत मराठी मंडळातले सगळे असणार, चैतालीच्या सासरचे असणार. तिसऱ्या दिवशी त्याने बेनेडिक्टला निरोप पाठवला: ठीक आहे. निशिकांत बुडणार असेल तर त्याच्या गळ्यात दगड म्हणून बांधलं जायला त्याची तयारी झाली होती.

कार्यक्रम शनिवारी दुपारी चारला होता. साठ-सत्तर माणसं होती. अर्धी मराठी, बाकीची जहाजधंद्यातली, तीन-चार विमा कंपन्यांची. निशिकांत अलीकडे जहाजांच्या सुरक्षिततेवर सल्ला देत असे, त्यामुळे त्याला मोठा मान होता. म्हातारा काचेच्या पेटीत, दिव्याखाली. बेनेडिक्ट इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसला होता. आत आल्यावर तो पेटीपाशी गेला, काचेला कपाळ टेकवून अर्धा मिनिट उभा राहिला, आणि मग मागे जाऊन बसला. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

निशिकांत छान बोलला. होडी, नदी, मगर, रडणारा बाप, पाय धरणारी आई. "त्या पोराच्या हातून चूक झाली होती," तो भरल्या आवाजात म्हणाला, "पण मृत्यूपुढे चूक कसली? मी त्याला त्याच्या घरी पोचवलं. आमच्या धंद्यात आधी माणूस, मग मशीन." टाळ्या पडल्या. त्याची बायको नीता डोळे टिपत होती.

दालनाच्या बाईंनी विचारलं, कुणाला काही प्रश्न?

शशिकांत उठला.

"माझं नाव शशिकांत केरकर. त्या जहाजाचा चीफ इंजिनिअर. आगीच्या अहवालावर माझी सही आहे. ती सही मी खोटी केली. मला नोकरी आणि पीआर टिकवायचं होतं, म्हणून एका मेलेल्या माणसावर मी आळ घेतला." चैताली तिसऱ्या रांगेत होती. तिच्याकडे बघायचं त्याने टाळलं. "आता रणदिवे साहेबांना तीन प्रश्न विचारतो. साहेब, तुम्ही पापुआ न्यू गिनीला कुठल्या साली गेलात? पासपोर्टवर शिक्का असेलच."

"शशी, अरे, ही वेळ नाही," निशिकांत हसत म्हणाला.

"होडीतला हा फोटो. पेटीशेजारी मी आहे. तुम्ही कुठे आहात? आणि हे पाइपच्या मागणीचे तीन कागद आणि तुमचं उत्तर. चालवून घे. साहेब, यात आधी माणूस कुठे आहे?"

त्याने प्रती काढून आणल्या होत्या. त्या तो पहिल्या रांगेत वाटत गेला. विमा कंपनीचा एक गोरा माणूस चष्मा लावून वाचू लागला.

"हा माणूस आजारी आहे," निशिकांत माइकमध्ये म्हणाला. "याला जुना राग आहे. आत्ताच स्वतः म्हणाला ना, खोट्या सह्या करतो? आणि हा मुखवटा मला गावकऱ्यांनी..."

"कुणी?" मागून आवाज आला. बेनेडिक्ट मधल्या वाटेने पुढे येत होता. सावकाश, डोलत्या जहाजावर चालतात तसा पाय रोवत. "मी लुकासचा मुलगा. जळाला तो माझा भाऊ. तुमचे पाय धरले म्हणता, ती माझी आई. ती आयुष्यात तुम्हाला भेटलेली नाही. आणि ते तांबं फुटलेल्या जहाजातलं नाही. ते या माणसाने माझ्या डोळ्यांसमोर बसवलं. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, मीच त्याला दिवा धरला होता."

शशिकांतला हवं होतं ते तोंड त्या क्षणी दिसलं. निशिकांतच्या गालांवरचं रक्त उतरलं. घामाचा एक ओघळ कानामागून कॉलरमध्ये गेला. शशिकांत पापणी न लववता बघत राहिला. चार वर्षांचा उपास सोडल्यासारखा तो त्या चेहऱ्यावर जेवला. नीता उठून काहीतरी पुटपुटली आणि नवऱ्याकडे न बघता बाहेर निघून गेली.

पुढचं पटापट झालं. जहाज मालकांनी आणि विमावाल्यांनी जुनी प्रकरणं उकरली. निशिकांतला सल्ल्यासाठी बोलावणं महिनाभरात बंद झालं, आणि रणदिव्यांकडे त्या वर्षी फराळाला कुणी गेलं नाही. कलादालनाने दहा-बारा पत्रांनंतर मुखवटा बेनेडिक्टच्या हवाली केला.

शशिकांतलाही सोडलं नाही. त्याची सर्व्हेयरची कामं एका आठवड्यात थांबली, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. चैताली पंधरा दिवस घरी आली नाही. आली तेव्हा दारातच म्हणाली, "माझी शाळा, माझं कॉलेज, सगळं त्या सहीवर झालं, बाबा. मला एकदा विचारायचंत तरी." गार्गी आत पळत आली आणि म्हणाली, "Ajoba, Mummy still angry, lah." शशिकांत म्हणाला, "असू दे. तिचा हक्क आहे."

निघायच्या आदल्या दिवशी बेनेडिक्ट सेंगकांगला आला होता. सुलेखाने त्याला जेवू घातलं. तो जाताना म्हणाला, "चीफ, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तो माझा अधिकारही नाही. आई जिवंत आहे. तिला येऊन सांगा."

शशिकांत गेला. तोच ट्रक, तीच नदी, तशीच होडी. या वेळी शेजारी बेनेडिक्ट होता आणि मांडीवर म्हातारा, कापडात गुंडाळलेला. सुलेखाने बरोबर यायचं म्हटलं होतं, पण त्याने नको म्हटलं.

दहा दिवसांनी तो परत आला. आंघोळीनंतर सदरा चढवताना सुलेखाला त्याच्या पाठीवर उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत एक रुंद, काळानिळा वळ दिसला.

"अहो! हे काय?"

"वल्ह्याचा." तो पलंगावर पालथा झाला. सुलेखा बाम चोळू लागली तसा तो थांबून थांबून सांगू लागला. गेब्रिएलच्या आईने सगळं ऐकून घेतलं. बेनेडिक्ट एकेक वाक्य तिच्या भाषेत सांगत होता. ऐकून झाल्यावर ती उठली, कुडाला टेकवलेलं वल्हं घेतलं आणि त्याला पाठ कर म्हणाली. सगळा गाव बघत होता. कुणी पुढे आलं नाही. "मी पाठ केली. पासष्टीची बाई आहे, पण हात असा बसला की श्वास बंद झाला."

"एकच मारला?"

"दुसरा उगारला होता. मग खाली घेतला. बेनेडिक्टला काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, आई सांगते, दुसरा त्या दुसऱ्या साहेबाचा आहे. त्याला पाठवून द्या."

सुलेखाचा हात थांबला. मग तिने बामचं झाकण लावलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

शशिकांतने फोन हातात घेतला. निशिकांतचा नंबर अजून 'रणदिवे साहेब' याच नावाने होता. त्याने ते नाव बदलून नुसतं 'निशिकांत' केलं आणि निरोप लिहिला: गेब्रिएलच्या आईने तुमच्यासाठी एक फटका राखून ठेवला आहे. तिचं वय झालं आहे, लवकर जा. होडीचा पत्ता मी देतो.

खाली दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळच्या चहानंतर, शशिकांत तोच निरोप पुन्हा पाठवतो.